डिस्क गेली म्हणे

अगं, आधी बस आणि ऐक. आत्ता काय झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मी कुठून बोलतेय माहितीये? एका बॅगेतून. शेजारी अर्धं खाऊन दुमडलेलं वेफर्सचं पाकीट आहे, त्याचं तेल माझ्या अंगाला लागलंय. पलीकडे कानात घालायच्या वायरींचा गुंता आहे आणि त्याच्या टोकांना काय चिकटलंय ते मी बघणार नाहीये. शी.

मी डिस्क. कॉम्प्युटरच्या पोटात असते ना, हार्ड डिस्क, तीच. पडद्यावर लोकांना मी 'डी' म्हणून दिसते. 'सी' म्हणजे मानाची, तिच्यावर कॉम्प्युटर चालतो. मी म्हणजे माळा. जे रोज लागत नाही पण टाकवतही नाही ते माझ्यावर चढवायचं. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती हां. पण गेल्या काही दिवसांत जे बघितलंय ना, त्याची इतकी किळस बसलीय मनात की काय सांगू.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला कळेल मी अशी का बोलतेय.

मी जन्मले ती खोली इतकी स्वच्छ होती की तिथल्या माणसांचे नुसते डोळे दिसायचे. पायापर्यंत पांढरे झगे, तोंडावर फडकी, हातात मोजे. धुळीचा कण आत आला तरी काम थांबायचं. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत गोल पाट्या बसवल्या आणि त्यांच्यावरून फिरायला एक बारीकसा हात दिला. पाटी गरगर फिरते आणि हात तिच्यावरून न टेकता, अलगद तरंगत जातो. लिहितो, वाचतो. एकच हात हां माझा. का सांगतेय ते कळेल पुढे.

तिथून मी गेले दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. दिवसभर नुसते जबडे. किडलेल्या दाढा, पू झालेल्या हिरड्या, वेड्यावाकड्या आलेल्या अक्कलदाढा, सगळ्यांचे फोटो माझ्यावर. पण बाईंचं काम कसं, तर माझ्यावर प्रत्येक पेशंटची वेगळी खोली, म्हणजे फोल्डर, तिच्यावर त्याच्या नावाची पाटी, एकाचा दात दुसऱ्याच्या खोलीत सापडायचा नाही. आणि संध्याकाळी निघताना माझ्यावरचं सगळं दुसऱ्या एका छोट्या डिस्कवर उतरवून ती पर्समध्ये टाकायच्या. मदतनीस मुलगी एकदा हसली, म्हणाली, बाई, रोज कशाला हो हा खटाटोप? तर बाई म्हणाल्या, दवाखाना जळाला तरी लोकांचे दात शाबूत राहिले पाहिजेत.

तर इतकी वर्षं किडलेले दात बघितले मी. कधी किळस आली नाही. खरंच नाही आली.

मग दवाखान्यात नवीन मशिनं आली. बाईंनी मला नीट पुसून, सगळं काढून घेऊन, जुन्या सामानाच्या दुकानात दिलं. तिथे बरेच दिवस मी एका खोक्यात पडून होते. वर कीबोर्ड, खाली माउस, कुणाची कुणाशी ओळख नाही. आणि एक दिवस खोक्यात एक हात आला. नखं वाढलेली, अंगठ्यावर गोंद वाळलेला. तो हात भाऊजींचा.

भाऊजी म्हणजे माझे नव्हेत गं. वहिनीचे भाऊजी, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. मी आपलं त्या घरात सगळे म्हणतात तसं म्हणते. तो मोबाइलच्या दुकानात कामाला. फोनच्या काचेवर दुसरी काच चिकटवायची, हे त्याचं काम. पण घरात वायर असलेली कुठलीही वस्तू बंद पडली की त्यालाच हाक. पंखा, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांचा डॉक्टर हाच. आणि गंमत म्हणजे त्याने हात लावलेली वस्तू थोडे दिवस चालतेसुद्धा.

माझ्या पाठीवर दवाखान्याचं स्टिकर होतं. ते त्याने जिन्यातच नखाने खरवडलं. सगळं निघालं नाही, 'दंतचि' एवढं राहिलं. घरात शिरला आणि म्हणाला, वहिनी, तुझ्यासाठी नवीकोरी डिस्क आणलीये. वहिनीने मला हातात घेऊन वाचलं आणि विचारलं, हे दंतचि काय आहे? तर म्हणतो, कंपनीचं नाव आहे, परदेशी आहे. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्याला चिकटून कॉम्प्युटरचं टेबल, सगळीकडे दोऱ्याचे तुकडे आणि कापडाची उडालेली बारीक लव. माझ्या जन्माच्या खोलीतली माणसं तिथे आली असती तर चक्कर येऊन पडली असती. पण मला ती खोली आवडली. कामाचा कचरा होता तो. त्याची घाण वाटत नाही.

घरात तीन माणसं. वहिनी, भाऊजी आणि आई, म्हणजे वहिनीच्या सासूबाई. वहिनीचा नवरा बोटीवर, तो महिनोन्महिने फक्त फोनवर. वहिनी कपड्यांच्या वर्कशॉपमध्ये नमुने काढते. शर्टाची पाठ, पुढा, बाही, गळा, हे सगळे तुकडे पडद्यावर मापात काढायचे, मग ते कागदावर छापून त्यावरून कापड कापतात. कपडा कसा बसणार ते सगळं त्या रेघांवर. तिथला सुपरवायझर तिला सगळ्यांसमोर 'ए रेघोट्या' म्हणून हाक मारतो. ती घरी येऊन आईंना हसत सांगायची, पण हसणं जरा उशिरा संपायचं.

आईंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हात लटकतो. एका हाताने बटण लावून बघितलंयस कधी? बघ कधीतरी. आई सकाळी दार लावून घ्यायच्या आणि आत बराच वेळ कपड्यांशी झटापट चालायची. वहिनी बाहेरून म्हणायची, आई, येऊ का? आतून उत्तर यायचं, मी काय तान्ही आहे का? आणि मग बाहेर यायच्या त्या उलट्यासुलट्या लागलेल्या बटणांनी, मान ताठ.

वहिनीने त्यांना काही न सांगता नमुना काढायला घेतला. एका हाताने घालता येईल असा गाऊन. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत पूर्ण उघडते, बाजूला वेल्क्रोची चिकटपट्टी, लुळा हात आधी आत ठेवायचा आणि मग नुसतं अंगावर ओढून घ्यायचं. रात्रीचा स्वयंपाक आटपला की ती माझ्या समोर बसायची, म्हणजे कॉम्प्युटरसमोर. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, एवढासा हलवायची, पुन्हा मागे घ्यायची. पहिला गाऊन शिवून झाला त्या सकाळी आई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. टीव्ही लावून बसल्या. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ कशाला सोडला ते आईंनाही कळलं असणार, पण त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग काय, सुटलीच ती. शर्ट, पँट, लहान मुलांची झबली, एका हाताच्या माणसासाठी, खुर्चीत बसलेल्या माणसासाठी. काठ्या, कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या विकणारी एक बाई आहे, मोठं दुकान आहे तिचं. ती म्हणाली, शुक्रवारी सगळे नमुने घेऊन ये, आवडले तर माझ्याकडे हेच काम कर. म्हणजे वर्कशॉप सुटलं. 'रेघोट्या' सुटलं. वहिनीचा सगळा जीव त्या शुक्रवारावर टांगलेला.

आणि मी? मी एका हाताचीच ना गं. त्या घरात मला कुणीतरी आपलं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. 'सी' भरत आली. तिच्यावर लाल पट्टी दिसायला लागली आणि कॉम्प्युटर ओझं घेऊन जिना चढल्यासारखा चालायला लागला. वहिनी भाऊजींना म्हणाली, माझ्या कागदपत्रांचे फोल्डर त्या दुसऱ्या डिस्कवर नेता येतील का? तर हा खुर्ची ओढून बसला. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, अर्धा बघितला, पुढचा पळवला. म्हणाला, वहिनी, तू चहा टाक, तो उकळायच्या आत होतंय.

करायचं काय होतं, सांगते. कॉम्प्युटरमध्ये कागदपत्रांना एक खोली असते, फोटोंना एक, इंटरनेटवरून उतरवलेल्या गोष्टींना एक, तिला डाउनलोड म्हणतात. माझ्यावर आधी अशा तीन खोल्या बांधायच्या आणि मग एकेकीचं सामान आपापल्या खोलीत आणायचं. एवढंच. दाताच्या बाईंनी डोळे मिटून केलं असतं. या माणसाने एकही खोली बांधली नाही. तिन्हींना पत्ता दिला तो नुसता 'डी'. म्हणजे दारं तीन, दारांवरच्या पाट्या तीन आणि आत एकच मोकळी जागा. वहिनीचे नमुने, बोटीवरून आलेले फोटो, आईंचे रिपोर्ट आणि भाऊजींनी उतरवलेले सिनेमे, गेम, कसल्या कसल्या फाइली, सगळं एका ढिगात. कॉम्प्युटर मध्ये मध्ये विचारत होता, नक्की का, नक्की का. हा न वाचता 'हो' दाबत होता. माझ्या अंगावर कुणी मोरीतलं आणि देव्हाऱ्यातलं एका टोपलीत ओतावं तसं झालं.

वहिनी चहा घेऊन आली. तिने डाउनलोड उघडून बघितलं आणि म्हणाली, भाऊजी, यात पण माझे नमुने दिसतायत.

त्याला कळलं नाही का दिसतायत. पण 'कळलं नाही' हे शब्द त्याच्या जिभेवर कधी चढलेच नाहीत. तो म्हणाला, "ती सावली असते, वहिनी. खरी फाइल कागदपत्रांत, इथे नुसती तिची सावली पडते."

सावली. माझ्या अंगावर सावली म्हणे. मी आत बोंबलतेय, पण मी बोलले तर लोकांना नुसती कुरकुर ऐकू येते.

वहिनीने आणखी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला. म्हणाली, बाहेर कुठे उतरवून ठेवू का, पेनड्राइव्हवर? हा म्हणाला, डी हीच बॅकअप गं. वेगळी डिस्क आहे, सीला काही झालं तरी डी सुरक्षित. अरे बाबा, तू सामान हलवलंस, त्याची दुसरी प्रत नाही केलीस. 'सी'वर आता काही उरलं नाही. असली एकच वस्तू आणि ती माझ्याकडे. पण वहिनीला वाटलं, घरातलं माणूस सांगतंय.

थोडे दिवस बरे गेले. मग भाऊजींना एक भलामोठा सिनेमा उतरवायचा होता आणि मी भरत आले होते. वहिनी वर्कशॉपला, आई पलंगावर. याने डाउनलोड उघडलं. आपल्याच थापेवर आपणच विश्वास ठेवणारं माणूस बघितलंयस? मी बघितलं. तो मनाशी म्हणाला, सावल्या किती जमल्यात बघ. सगळं निवडलं. आणि त्याच्या त्या सिनेमांची नावं कचऱ्याच्या डब्यातसुद्धा कुणाला दिसू नयेत म्हणून डब्यात न टाकता थेट पुसलं. वहिनीचं सगळं काम, बोटीवरचे फोटो, आईंचे रिपोर्ट, एका बोटाने.

आणि लगेच सिनेमा उतरवायला लावला. माझ्यावर.

आता एक गोष्ट समजून घे, कारण सगळं तिच्यावर आहे. पुसलं म्हणजे माझ्या पाट्यांवरून लगेच जात नाही. फक्त दारावरची पाटी निघते, सामान आतच असतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं की मग ते खरं जातं. म्हणजे वहिनीचे नमुने अजून माझ्या पोटात होते आणि हा त्यांच्यावर सिनेमा ओतत होता. नाचगाणी, मारामारी, सगळं तिच्या बाह्यांवर आणि मुंढ्यांवर. मी जितकं हळू लिहिता येईल तितकं हळू लिहिलं.

सिनेमा पूर्ण व्हायच्या आधी त्याने कागदपत्रांची खोली उघडली. रिकामी. फोटो उघडले. रिकामे. सगळं पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. मला वाटलं, आता वहिनीला फोन करेल. चुकतं गं माणूस, चुकेल नाहीतर काय. त्या चुकीची मला किळस नाही आली, खरंच सांगते. पण याने काय केलं, तर स्क्रू काढले, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि माझी तार उपटून काढली.

संध्याकाळी वहिनी आली. हा दारातच.

"वहिनी, वाईट बातमी आहे. डिस्क गेली."

मी गेले म्हणे. मी धडधाकट, पाट्या गुळगुळीत, हात जागेवर, नुसती तार काढलेली. आणि हा माझ्या मयताची बातमी देतोय, तीही आवाज रडवेला करून. वहिनी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पण ती नवी होती ना?"

इथे जरा फजिती झाली त्याची. पण किती वेळ? म्हणाला, त्या परदेशी कंपनीचं असंच असतं, वहिनी, काही भरवसा नाही. दाताच्या बाईंच्या नावाला बट्टा. मला वाटलं काहीतरी फेकून मारावं, पण मी पडले डब्यात.

वहिनी ओरडली नाही. ती शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली आणि नुसतं म्हणाली की शुक्रवारी दाखवायला आता काय नेऊ. आईंनी पलंगावरून विचारलं, काय गेलं गं? वहिनी म्हणाली, काही नाही आई, मशीन बिघडलंय. त्या रात्री तिने कागद घेऊन हाताने आठवून आठवून शर्टाचा पुढा काढायला घेतला. आणि भाऊजी? बाजूला बसून तिला धीर देत होता. धीर. जेवला पण पोटभर, वर भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, पुलाखाली एक दुकान आहे, बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढून देतात, उद्या तिथे नेते. भाऊजींनी पटकन मोबाइलमध्ये तोंड घातलं. कारण त्या दुकानात मला जोडल्या जोडल्या कळणार की डिस्कला काहीही झालेलं नाही, कुणीतरी हाताने पुसलंय. मग त्याने काय ठरवलं असेल, सांग. कबूल करायचं? छे. त्याने ठरवलं की मला मुळापासून कोरी करायची. पाटीच्या टोकापासून टोकापर्यंत शून्यं भरायची, म्हणजे कुणाला काहीच सापडायला नको. खोटं टिकवण्यासाठी वहिनीचं उरलंसुरलं कामसुद्धा मारायला निघाला होता तो. अगं, ते कपडे त्याच्याच आईसाठी सुचले होते. ती आई त्याच गाऊनमध्ये आत झोपली होती.

दुपारी वहिनी कामावर गेल्यावर त्याने तार पुन्हा जोडली. माझ्यात वीज आली, पाट्या फिरायला लागल्या. मला वाटलं, चला, सुटले. आणि पडद्यावर तो हुकूम. पूर्ण पुसा.

तोपर्यंत मी कुठलाही हुकूम मोडला नव्हता. किडक्या दाढा लिही म्हटलं, लिहिल्या. कचरा लिही म्हटलं, लिहिला. लिहायला सांगितलेलं लिहायचं, एवढाच माझा धर्म. पण त्या क्षणी मी माझा तो एकुलता एक हात पाटीवरून उचलला आणि कडेला नेऊन ठेवला. दुमडून. आणि टकटक करायला लागले. टक. टक. टक. मरणारी डिस्क करते ना, तशी. पडद्यावर आलं, काम पूर्ण होऊ शकलं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मी पुन्हा टकटक. मग त्याने मला बाहेर ओढलं आणि तळहाताने पाठीवर मारलं. एकदा, मग जोरात पुन्हा. अजून दुखतंय तिथे.

दारात आई उभ्या होत्या. डाव्या हाताने चौकट धरून.

"काय करतोयस?"

"काही नाही आई. वाचते का बघतोय."

आईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे. "मारून वाचतं का कुणी?" म्हणाल्या आणि लंगडत परत गेल्या.

आणि मग माहितीये त्याने काय केलं? सुस्कारा सोडला. सुटकेचा. मोबाइलवर मित्राला सांगितलं, अरे, ती खरंच गेली, वाचलो. थाप खरी झाल्याचा आनंद. वेफर्सचं पाकीट फोडलं आणि खात बसला. तेच हे पाकीट, माझ्या शेजारचं. दात किडले की वास येतो गं, बाई उघडून बघून सांगायच्या कुठली दाढ. हे असलं कुठे उघडून बघायचं?

सकाळी वहिनीने मला कापडाच्या एका तुकड्यात गुंडाळलं. आईंच्या गाऊनच्या बाहीतून उरलेला तुकडा होता तो. भाऊजी म्हणाला, मी पण येतो, तुला त्यातलं काय कळणार. आला बरोबर. दुकान म्हणजे पायऱ्या उतरून खाली एक अरुंद खोली, भिंतीला माझ्यासारख्यांची रांग, काही उघड्या, काही चेंगरलेल्या. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बसलेला. त्याने विचारलं, पडली होती का? वहिनीने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी म्हणाला, नाही, आपोआप गेली, टकटक करते, मेलीये ती, मी खूप प्रयत्न केले.

दुकानदाराने तार जोडली.

आता मला ठरवायचं होतं. मेलेलीच राहिले तर घरात शांतता, भाऊजी शहाणा, आईंना काही कळायला नको. फिरले तर सगळं बाहेर. पण त्या बाकावर वहिनी बसली होती, बोटांना रात्रभर पेन्सिल धरल्याचं काळं लागलेलं, आणि शुक्रवार अगदी तोंडावर. मी हात उघडला आणि फिरायला लागले. अशी फिरले ना, दवाखान्यातल्या पहिल्या दिवशीसारखी, आवाज न करता.

दुकानदाराने कान लावला, पडदा बघितला. म्हणाला, "ही तर ठणठणीत आहे. कुणीतरी सगळं निवडून पुसलंय."

वहिनीने भाऊजींकडे बघितलं नाही. एकदाही नाही. तिने फक्त विचारलं की परत येईल का. दुकानदार म्हणाला, वर जेवढं लिहिलं गेलं तेवढं सोडून सगळं येईल, पण वेळ लागेल. मग वहिनी आणि भाऊजी त्या बाकावर बसून राहिले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. भाऊजी मोबाइल काढायचा, आत ठेवायचा, पुन्हा काढायचा.

आणि पडद्यावर एक एक नाव यायला लागलं. शर्ट डावा हात. शर्ट उजवा हात. पँट खुर्चीची. झबलं लहान. मी माझ्या पोटातून एकेक काढून देत होते. वहिनी ओठ हलवत वाचत होती, हजेरी घेतल्यासारखी. अर्धी यादी झाल्यावर ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली.

"भाऊजी, सावली परत आली बघा."

एवढंच. तो पायांकडे बघायला लागला. दुकानदाराला काही कळलं नाही, त्याने चष्मा खाली घेतला.

एकच फाइल आली नाही. आईंच्या गाऊनची. तिच्यावर सिनेमा बसला होता. दुकानदार म्हणाला, ही गेली बाई. मला इतकं वाईट वाटलं ना. पण वहिनी थोडी हसली. म्हणाली, "ती राहू दे. ती आईंच्या अंगावर आहे."

दुकानदाराने सगळं नव्या डिस्कवर उतरवून दिलं. या खेपेला वहिनीने स्वतः शेजारी बसून एकेक खोली बांधून घेतली, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये टाकली. दाताच्या बाई आठवल्या मला. निघताना ती भाऊजींना म्हणाली, आईंना तुम्ही सांगा काय झालं ते, मी नाही सांगणार.

आणि या माणसाने, अगं, याच माणसाने, खालच्या मानेनेच विचारलं, "वहिनी, मग ही जुनी मी नेऊ का? सिनेमाला बरी पडेल."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, न्या. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिची कामं तिच्या पर्समध्ये होती, आणि मला बघून तिला काय काय आठवत असणार. बाहीचा तो तुकडा मात्र तिने काढून घेतला. मी उघडीच इथे आले, या बॅगेत.

आणि वहिनी पुढे निघून गेल्यावर, दुकानाच्या पायऱ्या चढताना त्याने काय केलं ते ऐक. घरी फोन लावला. मला बॅगेतून सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, आई, मिळालं सगळं. मी स्वतः बसलो होतो ना, म्हणून मिळालं. पलीकडून आईंनी विचारलं, मारलंस का परत तिला? आणि याने फोन ठेवला.

आता घर जवळ आलंय. जिना सुरू झालाय, मला हिसके बसतायत. वर गेला की हा मला जोडणार, खुर्ची ओढणार आणि कसला कसला ढीग माझ्यावर ओतणार. वहिनीच्या रेघा अजून माझ्या पाट्यांवर आहेत, पुसट, दारावरची पाटी निघालेल्या खोल्यांत. तिला आता त्यांची गरज नाही, माहितीये मला. पण त्यांच्यावर हे लिहायचं? लिहिणं हे माझं काम आहे, आणि मी अजून धडधाकट आहे, पुष्कळ वर्षं चालेन. नाहीतर हात दुमडायचा, टकटक करायची आणि त्याची थाप कायमची खरी करून टाकायची. मग भंगार.

पोचलो वर. तार शोधतोय तो. तू सांग ना गं, लवकर. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?